उकळणे, फुटणे, तुंबणे : झडपेतील द्रवप्रवाहाच्या परिभाषेची चिकित्सा

नळातून वाहणाऱ्या द्रवावर झडपेची सत्ता चालते, हा सामान्य अनुभव आहे. झडप अधिक उघडली की प्रवाह वाढतो. झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील अंतर वाढविले तरीही तो वाढतो. जलगतिशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत हा दुसरा नियम वर्गमुळाच्या रूपाने दिलेला असतो : दाबांतर चौपट झाले तर प्रवाह दुप्पट होतो. परंतु या नियमाला एक हद्द आहे. प्रवेशाकडील दाब स्थिर ठेवून निर्गमाकडील दाब उतरवीत नेला, तर एका टप्प्यानंतर प्रवाह वाढावयाचा थांबतो. तो घटत नाही, बंदही पडत नाही. केवळ वाढत नाही. या हद्दीच्या मुळाशी झडपेच्या पोटातच होणारे द्रवाचे बाष्पीभवन असते. ते दोन प्रकारांनी घडते आणि त्या प्रकारांना कॅव्हिटेशन व फ्लॅशिंग अशी नावे रूढ आहेत.

शास्त्राच्या दृष्टीने या विषयाचा पाया पक्का झालेला आहे. नियंत्रक झडपेचे आकारमान ठरविण्याची सूत्रे आंतरराष्ट्रीय मानकांत दिलेली आहेत, आणि कारखान्यातील अभियंता त्यांवर विसंबून झडप निवडतो. भाषेच्या दृष्टीने मात्र स्थिती निराळी आहे. या विषयाची इंग्रजी परिभाषा निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या गरजांतून आणि बहुधा घाईत घडलेली आहे. तिच्यातील प्रमुख शब्द ज्या वस्तुस्थितीसाठी योजिले आहेत, तिच्याविषयी ते थोडेफार चुकीचेच सांगतात. इंग्रजीतून शिकलेल्या अभियंत्याला सवयीने ते जाणवेनासे होते. मराठीतून हा विषय मांडू पाहणाऱ्याच्या पदरात मात्र शब्दाबरोबर त्याची चूकही पडते. आणि मराठीची म्हणून जी क्रियापदे तो सहज वापरतो, ती आपल्या परीने तीत भर घालतात. प्रस्तुत लेखाचा विषय ही परिभाषा होय.

प्रथम वस्तुस्थिती. झडपेत प्रवाहाची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून तेवढेच पाणी जावयाचे तर त्याचा वेग वाढला पाहिजे, आणि वेग वाढविण्यासाठी लागणारी ऊर्जा दाबातून खर्ची पडते. म्हणून अरुंद जागेत दाब उतरतो. धारेचा सर्वांत आकुंचित छेद झडपेच्या भोकात नसून त्याच्या किंचित पुढे असतो. त्याला आजही ‘वेना कॉन्ट्रॅक्टा’ हे लॅटिन नाव आहे आणि न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’च्या १७१३ च्या आवृत्तीत त्याची दखल घेतलेली आढळते. या छेदात वेग सर्वाधिक व दाब सर्वांत कमी असतो. पुढे वाट रुंदावते, वेग ओसरतो आणि गेलेल्या दाबाचा काही भाग परत मिळतो. एवढे ध्यानात घेतले की पुढचे सारे एका प्रश्नावर येऊन ठेपते : आकुंचित छेदातील दाब त्या द्रवाच्या त्या तापमानाच्या बाष्पदाबाखाली जातो काय? गेला, तर द्रव तेथे बाष्प होऊ लागतो.

येथे मराठी लेखकाच्या हाती पहिले क्रियापद येते, ते म्हणजे ‘उकळणे’. शास्त्रदृष्ट्या ते बरोबर आहे. परंतु मराठीत उकळण्याचे सारे घर चुलीपाशी आहे. आधण ठेवतात, आधणाला उकळी येते, दूध उतू जाते, आमटी कढते. या प्रत्येक वाक्यात खालचा जाळ गृहीत असतो. उष्णतेशिवायचे उकळणे रोजच्या मराठीला ठाऊक नाही. त्यामुळे ‘झडपेत पाणी उकळते’ हे वाक्य ऐकताच ऐकणारा उष्णतेचा शोध घेऊ लागतो, आणि झडपेत घर्षणाने पाणी तापत असावे असा तर्क लढवितो. हा तर्क केवळ चुकीचा नव्हे, उलटा आहे. बाष्प होण्यास लागणारी अप्रकट उष्णता बाहेरून येत नाही. ती द्रवाच्या स्वतःच्या गाठीची असते. म्हणून टिकाऊ बाष्पीभवन झाले की प्रवाह तापत नाही, थंड होतो.

तथापि भाषेत नसलेली गोष्ट अनुभवात नसते, असे नाही. प्रेशर कुकरखालचा जाळ बंद करून घाईने शिटी उचलली, तर आतले वरण एकाएकी उसळते. त्या क्षणी उष्णता दिलेली नसते. फक्त दाब काढून घेतलेला असतो. झडपेतील घटना याच जातीची आहे. ऑस्बोर्न रेनल्ड्‌स यांनी १८९४ मध्ये मधोमध आवळलेल्या काचेच्या नळीतून साधे पाणी वेगाने सोडून ते नेहमीच्या तापमानाला उकळताना दाखविले होते. अध्यापकाने चुलीऐवजी कुकरच्या शिटीकडे बोट दाखविले, तर ‘उकळणे’ हे क्रियापद टाकून देण्याचे कारण उरत नाही. ‘दाब उतरल्याने उकळणे’ असे पूर्ण म्हणावे, एवढेच.

दुसरा शब्द ‘कॅव्हिटेशन’. त्याचा जन्म झडपेत झालेला नाही, समुद्रावर झालेला आहे. ब्रिटिश नौदलाची ‘डेअरिंग’ ही टॉर्पेडोबोट-विनाशिका चाचण्यांत अपेक्षित वेग गाठू शकेना. तिच्या पंख्याच्या पात्यांचे क्षेत्रफळ वाढविल्यावर ती अडचण दूर झाली. सिडनी बार्नबी व जॉन थॉर्निक्रॉफ्ट यांनी १८९५ मध्ये या अनुभवाचे विवेचन केले, आणि पात्यांमागे पाण्यात पोकळ्या पडण्याच्या घटनेला आर. ई. फ्रूड यांनी सुचविलेले हे नाव दिले. त्याच सुमारास चार्ल्स पार्सन्स यांना आपल्या ‘टर्बिनिया’ नौकेत हीच अडचण आली. त्यांनी १८९५ मध्ये एक लहानशी बंद चाचणी-टाकी बांधून या पोकळ्या प्रत्यक्ष पाहिल्या, आणि पुढे एका पंख्याऐवजी तीन दंडांवर अनेक पंखे बसविले.

नावाच्या या जन्मकथेत त्याचा दोषही दडलेला आहे. नौकाशास्त्रज्ञांची तक्रार अशी होती, की पाणी जेथे असावयास हवे तेथे नाही आणि पंखा पोकळीत फिरतो. म्हणून त्यांनी पोकळीला नाव दिले. झडपेच्या अभियंत्याची तक्रार निराळी असते. त्याचा धातू खाल्ला जातो, पाइपातून खडी वाहत असल्यासारखा आवाज येतो, झडप थरथरते. आणि हे सारे पोकळी पडल्याने होत नाही, पोकळी नाहीशी झाल्याने होते. आकुंचित छेदात जन्मलेला बाष्पाचा बुडबुडा पुढे दाब परत वाढलेल्या प्रदेशात येतो. तेथे त्यातील बाष्प पुन्हा द्रव होते आणि भोवतीचे पाणी चहूबाजूंनी आत धावते. लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये अशा गोलाकार पोकळीच्या आकसण्याचे गणित मांडले, तेव्हा अखेरच्या क्षणी उत्पन्न होणारा दाब प्रचंड येतो असे दिसून आले. धातूच्या पृष्ठालगतचा बुडबुडा गोल न राहता एका बाजूने आत खचतो, त्यातून पाण्याची सूक्ष्म धार पृष्ठावर आदळते, असे पुढील संशोधनाने दाखविले. अशा लाखो आघातांनी धातू कुरतडला जाऊन खंगर विटेसारखा खडबडीत व सच्छिद्र होतो. म्हणजे नाव पडले आरंभाचे, आणि नुकसान करतो शेवट.

मराठीत या शब्दासाठी ‘पोकळी’पासून नाव घडविण्याचा मोह स्वाभाविक आहे. संस्कृताकडे वळल्यास ‘कोटरण’, ‘गुहिकायन’ यांसारखे शब्दही सिद्ध करता येतात. त्यांपैकी ‘पोकळी’त एक जास्तीचा धोका आहे : मराठी वाचकाच्या मनात पोकळी म्हणजे जेथे काहीच नाही ती जागा. झडपेतील बुडबुडा रिकामा नसतो. तो बाष्पाने, आणि थोड्याफार विरघळलेल्या वायूने, भरलेला असतो. आत बाष्प आहे हे विसरले, की ते पुन्हा द्रव होते हेही सुचत नाही, आणि मग आकसण्याचे कारणच हरवते. ‘कोटरण’ व ‘गुहिकायन’ यांना हा दोष कमी लागतो, कारण त्यांचा अर्थ कोणालाच लागत नाही. हे उपरोधाने म्हटलेले नाही. अर्थविज्ञानात पारदर्शक व अपारदर्शक असा शब्दांचा भेद करतात, आणि अपारदर्शक शब्द निदान फसवीत तरी नाही. ‘गॅस’ हा शब्द सतराव्या शतकात व्हान हेल्माँटने ‘केऑस’वरून घडविला, ही माहिती नसल्याने रसायनशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याचे आजवर काही अडलेले नाही. त्याच न्यायाने ‘कॅव्हिटेशन’ हा शब्द मराठीत आहे तसा घेणे अधिक सुरक्षित होय. मराठी वाचकाला त्यातील ‘कॅव्हिटी’ दाताच्या वैद्याकडे भेटली असेल, तेवढीच.

परंतु नाम उसने घेऊन काम भागत नाही. वाक्याला क्रियापद लागते, आणि ते मराठीच असते. येथे बहुतेक सर्वत्र ‘बुडबुडे फुटतात’ असे लिहिले व बोलले जाते. बुडबुडा म्हटला की तो फुटावयाचाच, अशी भाषेची रीत आहे. तथापि मराठीतील ‘फुटणे’ हे आतून बाहेर जाणारे क्रियापद आहे. झाडाला पालवी फुटते, खडकाला पाझर फुटतो, मुलाला कंठ फुटतो; मडके वा फुगा फुटतो तेव्हा आतले बाहेर पडते. कॅव्हिटेशनमध्ये दिशा नेमकी याच्या विरुद्ध असते : बाहेरचे आत पडते. शिवाय आणखी एक गोंधळ संभवतो. मराठीत ‘उकळी फुटणे’ असेही म्हणतात, आणि तेथे फुटणे म्हणजे जन्मणे. तेव्हा ‘झडपेत बुडबुडे फुटतात’ या वाक्यात बुडबुडे जन्मतात की मरतात, हे केवळ वाक्यावरून सांगता येत नाही. ज्या विषयात जन्माची जागा आणि मरणाची जागा यांतील अंतर हीच सर्वांत महत्त्वाची बाब आहे, त्यात असे क्रियापद चालू देणे इष्ट नव्हे.

यासाठी मराठीत एक चांगले, घरगुती आणि दिशेच्या दृष्टीने अचूक क्रियापद आहे : ‘पिचकणे’. पत्र्याचा डबा पिचकतो, चेंडू पिचकतो. दोन्हींत बाहेरचा दाब आतल्यावर मात करतो. ‘आकुंचित छेदात बुडबुडे धरतात आणि पुढे दाब वाढला की पिचकतात’ हे वाक्य ग्रंथिक वाटणार नाही, हे खरे. परंतु ते खोटे नाही. ‘मिटणे’ हे क्रियापदही आत जाणारे आहे. पण पापण्या मिटतात, पाकळ्या मिटतात, त्यात या घटनेचा हिंस्रपणा येत नाही. ‘कोसळणे’ वरून खाली येते, चहूबाजूंनी आत येत नाही. शुद्धतेच्या आग्रहाने यांपैकी एखादे निवडण्यापेक्षा पत्र्याच्या डब्याचे ऋण पत्करलेले बरे.

आता फ्लॅशिंग. या शब्दाचा दोष चूक बोलण्याचा नाही, नको ते बोलण्याचा आहे. इंग्रजी ‘फ्लॅश’ वेग सांगतो : क्षणार्धात, झटकन. पण कॅव्हिटेशनमधील बाष्पही क्षणार्धातच होते. दोन घटनांना वेगळे करणारी बाब बाष्प किती चटकन झाले ही नसून ते पुढे राहिले की नाही ही आहे. निर्गमाकडील दाब बाष्पदाबापेक्षा अधिक असेल, तर बुडबुडे पिचकतात व प्रवाह पुन्हा निखळ द्रव होतो, हे कॅव्हिटेशन. निर्गमाकडील दाबच बाष्पदाबाखाली असेल, तर बाष्पाला परत फिरण्याचे कारण उरत नाही, आणि पुढील पाइपात द्रव-बाष्पाचे मिश्रण वाहते, हे फ्लॅशिंग. आकुंचित छेदापर्यंत दोघांचा इतिहास एकच आहे.

हा भेद मराठीत कुकरच्या भाषेत थेट सांगता येतो. ‘वाफ जिरल्यावर झाकण काढावे’ असे घरोघरी म्हणतात. त्या अर्थाने कॅव्हिटेशन म्हणजे जिरणारी वाफ, आणि फ्लॅशिंग म्हणजे टिकणारी वाफ. ‘जिरणे’ या क्रियापदात आघाताची सूचना नाही, हे मान्य केले पाहिजे. ती ‘पिचकणे’ पुरविते. परंतु वाफेचे पुढे काय झाले, हा जो मूळ प्रश्न, त्याचे उत्तर या जोडीत शब्दातच मिळते. इंग्रजी नामांच्या जोडीत ते मिळत नाही. तेथे एक नाव आकाराचे आणि दुसरे वेगाचे, त्यामुळे दोन्ही एकाच घटनेचे पर्याय वाटतात.

तसे वाटण्याची किंमत पैशात मोजावी लागते. कॅव्हिटेशन टाळता येते. दाबाचा उतार एका उडीऐवजी अनेक पायऱ्यांत विभागणारे अंतर्भाग बसवावेत, झडप प्रणालीत दाब अधिक असलेल्या जागी हलवावी, किंवा दाब कमी परत देणारी झडप निवडावी. आकुंचित छेदातील दाब बाष्पदाबाच्या वर राहिला की रोग नाहीसा होतो. फ्लॅशिंग झडपेला टाळता येत नाही. निर्गमाकडील दाब प्रणालीने ठरविलेला असतो. झडपेच्या आत कितीही पायऱ्या केल्या तरी अखेरची पायरी बाष्पदाबाखालीच उतरते. तेथे कठीण धातू, कोनी बांधणीची झडप, पुढे मोठ्या व्यासाचा पाइप असेच उपाय उरतात. दोन्ही नावे एकाच अर्थाने घेणारा खरेदीदार फ्लॅशिंगच्या जागेवर कॅव्हिटेशन-रोधक महागडे अंतर्भाग बसवितो, आणि ते झिजून बाहेर निघतात. बाहेर काढलेला भाग पाहिला तरी निदान होते. कॅव्हिटेशनने खाल्लेला पृष्ठभाग खंगरासारखा असतो; फ्लॅशिंगने झिजलेला नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत, कारण तेथे बाष्पाने वेग दिलेले थेंब पृष्ठ घासून नेतात.

टिकणाऱ्या वाफेचे प्रमाण ऐकून पुष्कळांना ती क्षुल्लक वाटते. १७० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी ५ बार निरपेक्ष दाबात सोडले, तर त्याचे तापमान सुमारे १५२ अंशांवर येते आणि वजनाने सुमारे पावणेचार टक्के पाण्याचीच वाफ होते. परंतु मिश्रणाचे आकारमान मूळ पाण्याच्या सुमारे तेरा पट होते. पुढच्या पाइपाचा व्यास तोच ठेवणाऱ्याने वजनाचा आकडा वाचलेला असतो, आकारमानाचा वाचलेला नसतो.

हद्दीला पोचलेल्या प्रवाहास इंग्रजीत ‘चोक्ड’ म्हणतात. चिकित्सेस बसलेल्या शब्दांपैकी मराठी वाचकाला सर्वांत अधिक फसविणारा हाच, आणि त्याचे कारण मराठीतच आहे. ‘चोक’ हा शब्द कारखान्यात व घरात फार पूर्वीच रुजलेला आहे : मोरी चोक होते, पाइप ‘चोकअप’ होतो. त्याचा अर्थ तुंबणे, कचरा अडकणे. आता ‘झडपेतील प्रवाह चोक झाला’ हे वाक्य ऐकणारा कामगार झडप उघडून साफ करावयास घेईल, आणि त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. देशी पर्यायही याच वळणावर जातात. ‘तुंबणे’, ‘चोंदणे’, ‘गुदमरणे’ या साऱ्यांत प्रवाह घटल्याची वा थांबल्याची सूचना आहे. वस्तुतः चोक्ड प्रवाह हा त्या झडपेतून, त्या उघडीपीला व त्या प्रवेशदाबाला, जाऊ शकणारा सर्वाधिक प्रवाह असतो. ज्या अवस्थेला कमाल म्हणावयाचे तिला गुदमर म्हटले गेले आहे.

या नावामुळे कारणमीमांसाही बिघडते. बुडबुड्यांनी वाट अडविली म्हणून प्रवाह वाढेना, असे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांतूनही डोकावते. त्यात अंशतः तथ्य आहे, कारण बाष्प जागा व्यापते. पण अडवणूक हे हद्दीचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही. अडवणूक असती, तर निर्गमदाब आणखी उतरविल्यावर आणखी बुडबुडे होऊन प्रवाह घटत जावयास हवा होता. तो स्थिर राहतो. खरे कारण असे, की द्रवातून दाबातील बदलाची वार्ता ध्वनीच्या वेगाने जाते, आणि द्रव-बाष्प मिश्रणात हा वेग विलक्षण खाली येतो. निखळ पाण्यात तो सेकंदाला सुमारे १,४८० मीटर असतो. बुडबुड्यांनी भरलेल्या पाण्यात तो काही दशक मीटरांवर येऊ शकतो, म्हणजे हवेतील वेगाहूनही पुष्कळ कमी. प्रवाहाने हा वेग गाठला की निर्गमाकडे दाब कितीही उतरविला तरी ती वार्ता आकुंचित छेदाच्या मागे पोचत नाही. मागच्या पाण्याला पुढे काय झाले हे कळतच नाही. मग त्याने अधिक धावावे कशासाठी? प्रवेशाकडील दाब वाढविला मात्र, तर प्रवाह वाढतो. ‘कमी दाब पाणी ओढतो’ या रोजच्या बोलण्यातील चूकही येथे उघडी पडते : पाणी पुढून ओढले जात नाही, मागून ढकलले जाते. एरवी ओढण्याच्या भाषेने गणित बिघडत नाही, म्हणून ती चालून जाते. येथे बिघडते.

या अवस्थेसाठी ‘सीमित प्रवाह’ हा शब्द पुरेसा आहे. त्यात चित्र नाही, हाच त्याचा गुण.

येथे अशी शंका घेतली जाईल, की अभियंता शब्दांनी नव्हे, सूत्रांनी विचार करतो. सूत्र बरोबर असले की शब्द कसाही असो. या शंकेचे उत्तर सूत्रातीलच एका नावात आहे. सीमित प्रवाहाचे दाबांतर काढण्यासाठी प्रत्येक झडपेचा एक गुणांक लागतो. त्याची आजची व्याख्या अशी : प्रवेश व निर्गम यांतील दाबांतरास प्रवेश व आकुंचित छेद यांतील दाबांतराने भागावे आणि त्याचे वर्गमूळ घ्यावे. गेलेल्या दाबापैकी काहीच परत मिळाला नाही, तर दोन्ही अंतरे सारखी होऊन गुणांक १ येतो. जितका दाब अधिक परत मिळेल, तितका गुणांक लहान होतो. ही राशी झडपांच्या व्यवहारात आणण्याचे श्रेय ज्यांना जाते त्या हान्स बाउमान यांनी १९६३ मध्ये तिला ‘क्रिटिकल फ्लो फॅक्टर’ म्हटले होते. आंतरराष्ट्रीय मानकात ती ‘लिक्विड प्रेशर रिकव्हरी फॅक्टर’ या नावाने, म्हणजे द्रवदाबाच्या पुनःप्राप्तीचा गुणांक म्हणून, प्रतिष्ठित झाली. पुनःप्राप्ती वाढली की पुनःप्राप्तीचा गुणांक घटतो! मराठीत हे नाव जसेच्या तसे उतरविले, तर गुणांक ०.९ असलेली झडप ०.६ च्या झडपेपेक्षा अधिक दाब परत देते, असाच अर्थ कोणीही सरळ बुद्धीचा वाचक करील.

त्यातच ‘रिकव्हरी’ हा शब्द गुणवाचक वाटतो. बुडीत रक्कम वसूल व्हावी, रोगी बरा व्हावा, तसा दाब परत मिळावा, यात वाईट ते काय? परंतु दाब अधिक परत देणारी झडप म्हणजे आकुंचित छेदात तो अधिक खोल नेणारी झडप. निर्गमाकडे मोजलेला दाब भरपूर दिसतो, आणि मधल्या दरीचा पत्ता लागत नाही. वळणावळणांची वाट असलेल्या ग्लोब व्हॉल्व्हचा गुणांक ०.९ च्या आसपास असतो. सरळ वाटेच्या बटरफ्लाय व्हॉल्व्हचा, तो बराच उघडा असताना, ०.६ च्या आसपास. वाट जितकी सुबक, तितकी हद्द अलीकडे येते.

मराठीत या गुणांकाला पुनःप्राप्तीचे नाव देऊ नये. तो जे मोजतो त्यावरून त्याला ‘दाब-अप्राप्ती गुणांक’ म्हणता येईल. शब्द कर्णमधुर नाही, पण आकडा व नाव एका दिशेने चालतात. बाउमान यांच्या पहिल्या नावाच्या वळणाने ‘सीमा-गुणांक’ म्हटले तर तेही चालेल, आणि ‘सीमित प्रवाह’ या शब्दाशी त्याचे नातेही जुळेल. दोहोंत दुसरे अधिक ग्राह्य वाटते.

एका उदाहरणाने या सर्व शब्दांची कसोटी लागते. प्रवेशदाब १० बार निरपेक्ष, पाणी २५ अंशांचे, बाष्पदाब ०.०३ बार. सूत्राप्रमाणे सीमित दाबांतर म्हणजे सीमा-गुणांकाचा वर्ग गुणिले प्रवेशदाब व बाष्पदाबाचा थोडा कमी केलेला भाग यांतील अंतर. ०.९ च्या ग्लोब व्हॉल्व्हसाठी हे सुमारे ८.१ बार येते, आणि ०.६ च्या बटरफ्लाय व्हॉल्व्हसाठी ३.६ बार. म्हणजे दुसऱ्या झडपेत निर्गमाकडे अद्याप ६.४ बार दाब दिसत असतानाच प्रवाहाने हद्द गाठलेली असते. निर्गमदाब २ बार धरून, पूर्ण ८ बारच्या वर्गमुळावर हिशेब करणाऱ्याला त्या झडपेतून जो प्रवाह अपेक्षित असेल, त्याच्या सुमारे दोनतृतीयांशच प्रत्यक्षात मिळेल. उरलेल्या एकतृतीयांशासाठी तो झडप साफ करवील, कारण ती ‘चोक’ झाली आहे असे त्याला कोणीतरी सांगितलेले असेल.

आता पाणी १७० अंशांचे घ्यावे, बाष्पदाब ७.९२ बार, प्रवेशदाब तोच १० बार. बाष्पदाब व क्रांतिक दाब यांच्या गुणोत्तरावरून येणारी दुरुस्ती धरली, तर ग्लोब व्हॉल्व्हचे सीमित दाबांतर सुमारे २.३ बार व बटरफ्लायचे १ बार येते. पहिल्यात निर्गमदाब ७.७ बारवर आला की प्रवाह सीमित होतो, आणि तोवर वाफ टिकू लागलेली असते. दुसऱ्यात तो ९ बारलाच सीमित होतो, आणि वाफ अजून जिरत असते. तेथून निर्गमदाब ७.९२ बारपर्यंत उतरेतो प्रवाह तसूभरही वाढत नाही, धातू मात्र खाल्ला जात राहतो. पाणी तेच आहे, प्रवेशदाब तोच आहे, आणि दोन्ही झडपांच्या चाचणीपत्रकात ‘चोक्ड’ हा एकच शब्द लिहिला जातो.